गर्भपिशवीचा रक्तप्रवाह आणि फ्रोझन ट्रान्सफर: आधी काय करायचं, नंतर काय

डॉपलरच्या (रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर पी.आय. (धमनीतल्या अडथळ्याचा आकडा) तीनच्या वर दिसला की बऱ्याच जणी त्याच संध्याकाळी अर्जिनिनची सॅशे, व्हिटॅमिन ई, बीटाचा ज्यूस आणि कुणीतरी सांगितलेली इकोस्प्रिन (अॅस्पिरिनची गोळी) असं सगळं एकदम सुरू करतात, आणि पुढच्या महिन्यात लायनिंग (पिशवीचं आतलं अस्तर) एक मिलिमीटरने वाढली तर ती कशाने वाढली हे कुणालाच सांगता येत नाही, अगदी डॉक्टरांनाही. मी आयव्हीएफ सेंटरमध्ये काउन्सेलिंगच्या टेबलावर बसते, फाईली रोज हाताखालून जातात, आणि चूक बहुतेक वेळा क्रमाचीच असते. रक्तप्रवाह वाढवायची औषधं सगळ्यात शेवटी येतात. त्याआधी आकडा नीट मोजलाय का, आणि रक्त खरंच कमी पोचत असेल तर का, हे बघायचं असतं.

खालचं सगळं मुख्यतः फ्रोझन ट्रान्सफरच्या, म्हणजे गोठवून ठेवलेला भ्रूण पिशवीत ठेवण्याच्या, तयारीबद्दल आहे. इथे वाचून कुठलीही गोळी सुरू किंवा बंद करू नका, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तेवढे काढून ठेवा.

१. पाळी यायच्या आधी फाईल लावा

ट्रान्सफरच्या आधीचा महिना यासाठी ठेवा. एका कागदावर आत्तापर्यंतच्या प्रत्येक सायकलची एक ओळ लिहा: कुठलं औषध, पाळीच्या कितव्या दिवशी सोनोग्राफी, लायनिंग किती मिलिमीटर, पुढे काय झालं. अशा पाच-सहा ओळी एकाखाली एक आल्या की डॉक्टरांना जे दिसतं ते सुट्या वीस रिपोर्टमधून दिसत नाही. उदाहरणार्थ, क्लोमिफेन घेतलेल्या महिन्यांतच लायनिंग पातळ आणि बाकी वेळी ठीक असेल तर तो त्या गोळीचा परिणाम असू शकतो, ती गोळी इस्ट्रोजेनच्या विरोधात काम करते आणि काहीजणींची लायनिंग त्यामुळे पातळ राहते. तिथे रक्तप्रवाहाच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

मग दुसऱ्या कागदावर जुना इतिहास. गर्भपात, क्युरेटिंग (पिशवी साफ करणं), सिझेरियन, फायब्रॉइडचं ऑपरेशन, घरात किंवा स्वतःला कधी टीबी, पायात रक्ताची गाठ, अर्धशिशी, बीपी, थायरॉइड. क्युरेटिंग दोनदा झालं होतं ही गोष्ट बायका विचारल्याशिवाय सांगत नाहीत, आणि विचारलं तरी शेजारी सासूबाई बसलेल्या असल्या की उत्तर बदलतं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता मी आधी बाकीच्यांना बाहेर चहाला पाठवते. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर सिस्टरला सरळ सांगा, मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचंय. ही माहिती लपली तर पुढचे सगळे टप्पे चुकीच्या दिशेला जातात.

तिसऱ्या कागदावर सध्या पोटात जाणारं सगळं, म्हणजे आयुर्वेदिक काढे, पावडरी, ऑनलाइन मागवलेल्या फर्टिलिटी गोळ्या, सगळं.

*तपासा:* सेंटर २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याखाली नोंदणी झालेलं आहे का? सर्टिफिकेट लावलेलं असतं, दिसलं नाही तर मागा.

*थांबा:* वय चाळिशीकडे असेल आणि भ्रूण साधे, म्हणजे जेनेटिक तपासणी न झालेले असतील, तर ट्रान्सफर फेल जाण्याचं कारण पिशवीपेक्षा भ्रूणातल्या क्रोमोसोमच्या गडबडीत असण्याची शक्यता जास्त. लायनिंग कितीही सुंदर असली तरी ते बदलत नाही. एका निगेटिव्हनंतर लगेच "रक्तप्रवाह कमी असेल" असं धरून चालू नका.

२. डॉपलर करायचा तर नीट दिवशी, नीट पद्धतीने

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

दिवस. गर्भपिशवीच्या धमनीतला अडथळा महिनाभर सारखा नसतो. पाळीच्या सुरुवातीला इस्ट्रोजेन कमी असतं तेव्हा पी.आय. जास्त येतो, इस्ट्रोजेन वाढलं की रक्तवाहिन्या सैल होतात आणि तो उतरतो. त्यामुळे पाळीच्या दुसऱ्या दिवशी केलेला डॉपलर घेऊन रडत बसायचं कारण नाही. अॅडिनोमायोसिससाठी (अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरण्याचा आजार) हार्मोन दाबणारं डेपोचं इंजेक्शन चालू असताना शरीरात इस्ट्रोजेन जवळपास बंदच असतं, तेव्हाचा आकडाही पुढच्या ट्रान्सफरबद्दल काही सांगत नाही. उपयोगाचा रिपोर्ट म्हणजे लायनिंग तयार झाल्यावर, प्रोजेस्टेरॉन (अस्तर भ्रूणासाठी तयार करणारं हार्मोन) सुरू करायच्या आधीचा.

लघवी. आतून करायच्या सोनोग्राफीला ब्लॅडर रिकामं हवं. ट्रान्सफरच्या दिवशी मात्र पोटावरून सोनोग्राफी करत कॅथेटर आत घेतात, त्याला ब्लॅडर बऱ्यापैकी भरलेलं लागतं. या दोन सूचना एकमेकींत मिसळून जातात, आणि मग डॉपलरला लिटरभर पाणी पिऊन आलेली बाई अर्धा तास कळ काढत बसते आणि टेबलावर चढल्यावर तिला बाथरूमला पाठवतात.

वेळ. दिवसभरातही आकडा हलतो, म्हणून दुसऱ्यांदा करायचा असेल तर शक्यतो त्याच सुमाराला, त्याच मशीनवर, त्याच डॉक्टरांकडून. जिने चढून धापा टाकत थेट टेबलावर झोपू नका, दहा-पंधरा मिनिटं शांत बसा. सिगारेट, तंबाखू, मशेरी त्याआधी अजिबात नको.

*तपासा:* रिपोर्टवर पाळीचा दिवस आणि चालू औषधं लिहिली आहेत का? नसतील तर तुम्ही पेनाने लिहून ठेवा. दिवस न लिहिलेला डॉपलर सहा महिन्यांनी कुणाच्याच कामाचा राहत नाही.

३. रिपोर्ट वाचताना

समजा रिपोर्टवर असं आहे: उजवी गर्भाशय धमनी पी.आय. २.४, डावी ३.३, लायनिंग ७.४ मिमी, ट्रायलॅमिनार (तीन रेषा दिसणारी), व्हॅस्क्युलॅरिटी (रक्तवाहिन्या किती आत पोचल्या त्याचा) झोन ३. बहुतेकींची नजर थेट ३.३ वर जाऊन अडकते. हा रिपोर्ट चांगला आहे.

पी.आय. म्हणजे ठोक्याच्या वेळचा रक्ताचा सर्वात जास्त वेग वजा सगळ्यात कमी वेग, भागिले सरासरी वेग. आकडा जास्त म्हणजे पुढे अडथळा जास्त. दोन्ही बाजूंची सरासरी बघतात, इथे ती २.८५ आहे. एक बाजू दुसरीपेक्षा वेगळी असणं नेहमीचंच. तीनची रेषा आली कुठून, तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या अभ्यासांतून, तेव्हा तीनच्या वर असलेल्यांत गर्भ राहण्याचं प्रमाण खूपच कमी दिसलं होतं. नंतर जास्त बायकांवर काम झालं तेव्हा ती रेषा तेवढी पक्की राहिली नाही, तीनच्या वर असूनही बाळं झालेली आहेत आणि खाली असूनही न झालेली आहेत. म्हणून एकट्या पी.आय. वरून ट्रान्सफर कॅन्सल करायचा सल्ला मिळाला तर "अजून काय दिसतंय?" हे नक्की विचारा.

आणखी एक गोष्ट, मोठी धमनी पूर्ण पिशवीला रक्त देते आणि त्यातलं बरंचसं स्नायूलाच लागतं. भ्रूण रुजतो तो आतल्या अस्तरात, तिथे पोचणाऱ्या वाहिन्या बारीक, नागमोडी असतात. म्हणून झोन बघतात. वाहिन्या अस्तराच्या बाहेरच्या स्नायूपर्यंतच दिसल्या तर झोन १, अस्तराच्या पांढऱ्या कडेपर्यंत आल्या तर २, आतल्या काळसर थरात शिरल्या तर ३, मधल्या रेषेपर्यंत पोचल्या तर ४. तीन किंवा चार असेल तर मोठ्या धमनीच्या आकड्यावरून झोप उडवून घेऊ नका.

लायनिंगची जाडी ७ मिमीच्या खाली गेली की फ्रोझन ट्रान्सफरमध्ये यशाचं प्रमाण उतरताना दिसतं, पण सहावरही गर्भ राहतात. आणि मोजणाऱ्याचा हात बदलला की अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतोच, तेव्हा ६.८ ला हताश आणि ७.१ ला पेढे असं करू नका.

४. पातळ असेल तर कारण शोधा

हा टप्पा लोक सर्रास गाळतात, कारण तो कंटाळवाणा आहे, पैसे लागतात आणि गोळी मिळत नाही. पण खरं काम इथेच आहे. अस्तराचा खालचा थर, ज्यातून दर महिन्याला नवीन अस्तर उगवतं, तोच खरवडला गेलेला असेल तर वरून कितीही रक्त पाठवा, उगवणार काय?

म्हणून इस्ट्रोजेन पुरेसं देऊनही लायनिंग वाढत नसेल तर आधी दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे हिस्टेरोस्कोपी. त्यात चिकटलेल्या जागा, पॉलिप, आत डोकावणारा फायब्रॉइड दिसतो आणि बऱ्याचदा त्याच वेळी काढताही येतो. क्युरेटिंगनंतर पाळी एकदम कमी झाली असेल, दोन-तीन दिवसांवरून एका दिवसाच्या डागावर आली असेल, तर ही शंका सगळ्यात वर ठेवा. चिकटलेलं सोडवल्यावर पुन्हा चिकटू शकतं, त्यामुळे काही डॉक्टर काही आठवड्यांनी परत एक छोटी तपासणी करतात, तिला कंटाळू नका.

आपल्याकडे टीबीचा विषय वेगळा काढावाच लागतो. पिशवीचा टीबी खोकला-ताप काही न देता गुपचूप अस्तर खातो, ट्यूब बंद करतो. अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात तेव्हा फक्त पी.सी.आर. (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आलं म्हणून लगेच सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करायच्या की नाही याबद्दल डॉक्टरांशी नीट बोला. कल्चर, जीन एक्स्पर्ट, हिस्टोपॅथॉलॉजी आणि दुर्बिणीत काय दिसलं, हे सगळं एकत्र ठेवून ठरवायचं असतं. आणि खरंच टीबी निघाला तर कोर्स पूर्ण होईपर्यंत ट्रान्सफर थांबवा, मधेच सोडायचा नाही. गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

ट्यूबमध्ये पाणी भरलंय का हेही बघा. ते पाणी पिशवीत झिरपतं, सोनोग्राफीत अस्तराच्या मधोमध काळी फट दिसते. अशा ट्यूब आयव्हीएफच्या आधी काढणं किंवा बंद करणं हा नेहमीचा मार्ग आहे. याला रक्तप्रवाहाच्या औषधाने काहीही होत नाही.

रक्ताच्या तपासण्या भराभर: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइड), प्रोलॅक्टिन, साखर. वारंवार गर्भपात झाले असतील तर अँटीफॉस्फोलिपिडच्या (रक्ताच्या गाठी करणाऱ्या अँटीबॉडीच्या) तपासण्या, त्या पॉझिटिव्ह आल्या तर १२ आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करतात.

*थांबा:* कारण सापडलं तर ते आधी निस्तरा. पुढचा टप्पा त्यानंतर.

५. घरचं, निदान दोन-तीन महिने आधीपासून

तंबाखू. सिगारेट ओढणाऱ्या बायका आपल्याकडे कमी म्हणून हा प्रश्न कुणी विचारतच नाही, पण सकाळी मशेरी लावणाऱ्या कमी नाहीत, आणि "तंबाखू खाता का?" असं विचारलं तर त्या मनापासून नाही म्हणतात, कारण मशेरी त्यांच्या हिशेबात दात घासणं असतं. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, ते हिरड्यांतून गेलं काय आणि फुप्फुसातून गेलं काय. बाकी सगळ्या उपायांच्या आधी हे बंद. नवऱ्याचंही बंद, घरातला धूर आणि त्याचे शुक्राणू, दोन्हीसाठी.

रोज अर्धा-पाऊण तास चालणं, हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या, बीपी आणि साखर ताब्यात, वजन जास्त असेल तर थोडं तरी खाली. बीट, डाळिंब आवडत असेल तर खा. त्याने बाळ होतं असं कुठे सिद्ध झालेलं नाही, पण जेवण म्हणून चांगलंच आहे.

अॅक्युपंक्चरचं विचारतात. २०१८ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ८४८ बायकांवर मोठी ट्रायल झाली, खरं अॅक्युपंक्चर केलेल्यांत १८.३ टक्के आणि खोटं केलेल्यांत १७.८ टक्के बाळं. मन शांत होत असेल तर करा, रक्तप्रवाहासाठी हजारो रुपये घालवू नका.

*थांबा:* उत्तरबस्ती किंवा आतून तेल सोडायचा कुठलाही उपचार आयव्हीएफच्या डॉक्टरांना न सांगता, आणि ट्रान्सफरच्या महिन्यात तर मुळीच नको. इन्फेक्शन झालं तर सगळी सायकल जाते.

६. औषधं: एका वेळी एक

पहिलं औषध इस्ट्रोजेनच. डोस वाढवणं, दिवस वाढवणं, गोळीऐवजी त्वचेवरचं जेल किंवा पॅच, हे बदल आधी करून बघतात. कारण इस्ट्रोजेन स्वतःच वाहिन्या सैल करतं.

त्यानंतर सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध. हो, तेच, मेडिकलवाला चिठ्ठीकडे आणि तुमच्याकडे दोनदा बघतो ते. नायट्रिक ऑक्साइडच्या मार्गाने वाहिन्या रुंद करतं, बऱ्याचदा योनीमार्गे देतात. काहीजणींची लायनिंग वाढते, बाळ होण्याचा पुरावा मात्र तितका भक्कम नाही. डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, अॅसिडिटी, चक्कर हे होऊ शकतं. नवऱ्यासाठी आणलेल्या गोळ्या स्वतः अर्ध्या करून घ्यायच्या नाहीत. हृदयासाठी नायट्रेटची औषधं चालू असतील तर हे औषध धोक्याचं आहे, बीपी एकदम कोसळतं.

इकोस्प्रिन ७५ घराघरात असते म्हणून ती निरुपद्रवी वाटते. सगळ्यांना सरसकट दिल्याने आयव्हीएफचं यश वाढतं असं दिसलेलं नाही. अँटीफॉस्फोलिपिडवाल्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपरिनच्या इंजेक्शनबरोबर ती लागते, ती गोष्ट वेगळी. स्वतःहून घेत असाल तर एग पिकअपच्या (अंडी काढण्याच्या) आधी सांगा, रक्तस्राव वाढू शकतो. पेंटॉक्सिफायलिन, व्हिटॅमिन ई, अर्जिनिन, पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट जास्त असलेला भाग पिशवीत सोडणं) यांच्याबद्दल छोटे अभ्यास आहेत, पक्कं म्हणावं असं फार नाही. पीआरपी सुचवलं तर विचारा, माझ्या बाबतीत कशासाठी, खर्च किती, आणि नाही केलं तर काय.

*तपासा:* या सायकलला नवीन काय बदललं, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येतंय का? दोन वाक्यं लागत असतील तर जरा जास्तच झालंय.

७. ट्रान्सफरचा महिना

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बेसलाइन सोनोग्राफी, मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या, साधारण दहा-बारा दिवसांनी लायनिंग. तीन रेषा स्पष्ट आणि सात किंवा जास्त असेल तर पुढे. कमी असेल तर इस्ट्रोजेन आणखी काही दिवस चालू ठेवता येतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाळी नियमित असेल तर नॅचरल सायकलमध्ये ट्रान्सफर जमेल का हेही विचारा, गोळ्यांच्या सायकलमध्ये पुढे गरोदरपणात बीपी वाढायचं प्रमाण जास्त दिसलंय.

आता प्रोजेस्टेरॉन, आणि इथे घड्याळ चालतं. ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाचव्या दिवसाचा भ्रूण, प्रोजेस्टेरॉनचे पाच पूर्ण दिवस झाल्यावर सहाव्या दिवशी ठेवतात. सोमवारी सुरू केलं तर शनिवारी. पहिला डोस सकाळी की रात्री, किती वाजता, हे कागदावर लिहून घ्या, फोनवर ऐकून लक्षात ठेवू नका. "उद्यापासून सुरू करा" हे ऐकून आजच रात्री पहिली गोळी टाकणाऱ्या असतात, लवकर सुरू केलं तर चांगलंच ना, असा विचार. त्याने अस्तर भ्रूणाच्या पुढे पळतं आणि मग रक्तप्रवाह झोन ४ असला तरी जुळत नाही. वेळ चुकली असेल तर लपवू नका, त्याच दिवशी फोन करा, तारीख सरकवता येते.

*थांबा:* प्रोजेस्टेरॉन सुरू झाल्यावर "जरा बघूया" म्हणून बाहेर परत डॉपलर करू नका. त्या आकड्यावरून तेव्हा काही बदलता येत नाही, फक्त रात्र वाईट जाते.

८. ट्रान्सफरचा दिवस आणि पुढचे

ब्लॅडर मध्यम भरलेलं, परफ्यूम नको, औषधं नेहमीच्या वेळेला. ट्रान्सफरनंतर उठून बाथरूमला गेलात तर भ्रूण पडत नाही. आठवडाभर पलंगावर पडून राहिल्याने पिशवीचा रक्तप्रवाह वाढत नाही, उलट पायात गाठी व्हायचा धोका वाढतो, इस्ट्रोजेन चालू असताना तर जास्तच. अमेरिकेच्या प्रजनन वैद्यक संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतच ट्रान्सफरनंतरची बेड रेस्ट नको असं सांगितलंय. घरात माहेरची माणसं पाणीही उठून घेऊ देत नसतील तर त्यांना हे वाचून दाखवा. जड उचलणं, गरम पाण्याच्या पिशवीने पोट शेकणं, धावणं टाळा. बाकी ऑफिस, स्वयंपाक, चालणं चालू द्या.

डाग दिसला तर औषधं बंद करायची नाहीत. पॉझिटिव्ह आल्यावरही नाहीत. गोळ्यांच्या सायकलमध्ये तुमच्या शरीरात स्वतःचं प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठच नसते, वार ते काम हातात घेईपर्यंत सगळं बाहेरूनच द्यावं लागतं, म्हणून दहा-बारा आठवड्यांपर्यंत डॉक्टर चालू ठेवतात. एका पायाला सूज आणि पोटरी दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी आणि जोरात डोकेदुखी, यातलं काहीही झालं तर बीटा एचसीजीच्या (गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीच्या) तारखेची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

निगेटिव्ह आलं तर पुढच्या भेटीला पहिल्या टप्प्यातला तो कागद घेऊन जा, नवीन ओळ लिहा, आणि ट्रान्सफरची नोट मागा: कॅथेटर सहज गेलं का, टोकाला रक्त होतं का, त्या दिवशी लायनिंग किती होती, भ्रूण कुठल्या ग्रेडचा होता, प्रोजेस्टेरॉनची रक्तातली पातळी बघितली होती का. उत्तरं तिथेच बसून लिहून घ्या.